मदत हवी आहे: १९१२ चा सर्वोत्तम पिचर कोण?

जुनापुराणा: १९१२ च्या बेसबॉल हंगामातील सर्वोत्तम पिचरचा (फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा) मान आज द्यायचा झाला, तर तो जो वुडला द्यावा की वॉल्टर जॉन्सनला, यावर आम्हा मित्रांचे घोडे अडले आहे. मतदान रविवारी आहे, तेव्हा कृपया थेट उत्तर द्यावे.

कोकणकडा: थेट उत्तरासाठी आधी प्रश्न पुरा हवा. मान एकच आहे, की अमेरिकन आणि नॅशनल या दोन मुख्य लीगसाठी वेगवेगळा? निकष त्या काळचे, की आजचे?

गणितमास्तर: निकष कोणतेही घ्या, जॉन्सनच. वुडने ३४ सामने जिंकून ५ गमावले आणि जॉन्सनने ३३ जिंकून १२ गमावले, एवढ्यावरून लोक वुडकडे झुकतात. परंतु विजय पिचरच्या नावावर लिहिला जात असला तरी त्यासाठी लागणाऱ्या धावा संघाने काढाव्या लागतात, आणि वुडचा बोस्टन संघ त्या वर्षी १०५ सामने जिंकला होता. दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, दिलेल्या अर्जित धावा (क्षेत्ररक्षणाच्या चुकांविना झालेल्या; जितक्या कमी तितके चांगले) पाहा: जॉन्सन १.३९, वुड १.९१. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज, ३०३ विरुद्ध २५८.

फेनवेभक्त: ६ सप्टेंबरला हे दोघे बोस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर समोरासमोर आले आणि वुड १-० असा जिंकला, हे आपल्या कोष्टकात कुठे बसते?

गणितमास्तर: त्या सामन्यात जॉन्सननेही एकच धाव दिली, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे.

ग्रंथपाल७: माहितीसाठी सांगतो की सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार १९५६ मध्ये सुरू झाला, १९६६ पर्यंत दोन्ही लीग मिळून एकच दिला जाई, आणि खुद्द साय यंग १९११ नंतर खेळला नाही.

कोकणकडा: हे कोणी विचारले होते? शिकागोच्या एड वॉल्शने तब्बल ३९३ इनिंग टाकल्या, अर्जित धावांच्या २.१५ सरासरीने. त्याचे नाव मात्र अजून कोणी घेतलेले नाही.

जुनापुराणा: मान दोन्ही लीगसाठी वेगळा आहे आणि निकष आजचे आहेत, हे सांगायचे राहून गेले. नॅशनल लीगमध्ये सलग १९ सामने जिंकणारा रूब मार्क्वार्ड आम्ही गृहीतच धरला होता, म्हणून त्याविषयी विचारले नाही.

गणितमास्तर: खरी चूक तिथेच आहे. मार्क्वार्डची सरासरी २.५७ होती, तर त्याच्याच न्यूयॉर्क संघातील ख्रिस्टी मॅथ्यूसनची २.१२, आणि मॅथ्यूसनने ३१० इनिंगमध्ये केवळ ३४ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा पहिला बेस) दिले. दुबळ्या ब्रुकलिनकडून खेळणाऱ्या नॅप रकरने २.२१ च्या सरासरीने पिचिंग करूनही १८ विजयांसमोर २१ पराभव पदरी घेतले. मी मॅथ्यूसनला मत देईन, पण रकरला यादीतून वगळणार नाही.

फेनवेभक्त: एकवीस पराभवांचा मानकरी! वुडने पाचच सामने गमावले, हा बहुधा त्याचाच दोष असावा.

जुनापुराणा: अमेरिकन लीगसाठी जॉन्सन पटला. मॅथ्यूसन आणि रकर यांच्यासाठी मात्र मतदान आठवडाभर पुढे ढकलतो. तोवर रकरच्या संघाने त्याच्या पराभवांत किती धावा काढल्या, ते कोणी सामनावार सांगू शकेल का?