पुणे विद्यापीठाचे शोधनिबंध मोजताना आकडे का जुळत नाहीत?

ग्रंथपाल४११
सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे २०१४ ते २०२३ मधले शोधनिबंध आणि त्यांची सायटेशन्स (इतर निबंधांनी घेतलेले संदर्भ) मोजायची आहेत. विद्यापीठाच्या नावाने शोध घेतला, तर स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि ओपनॲलेक्स या शोधनिबंधांच्या तिन्ही सूच्यांचे आकडे वेगळे येतात. चूक कुठे आहे?

संदर्भसूची
नावाने शोधणं हीच चूक. १९४९ साली ‘पूना’, पुढे ‘पुणे’, २०१४ पासून सध्याचं नाव. लेखक अजूनही यातलं काहीही लिहितात, कुणी नुसतं ‘एसपीपीयू’. स्कोपसमध्ये संस्थेच्या प्रोफाइलचा क्रमांक घ्या, ओपनॲलेक्समध्ये रॉर आयडी, म्हणजे संशोधन संस्थेचा ठरलेला ओळखक्रमांक.

त्याहून घातक चूक उलट दिशेची. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था विद्यापीठाच्या आवारात आहेत, पण विद्यापीठाच्या नाहीत: पहिली यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग), दुसरी टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्था). त्यांच्या पत्त्यातही ‘पुणे विद्यापीठ आवार, गणेशखिंड’ असं येतं. शिवाय आयुका लायगो या गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या कामात आहे. तिथला हजारभर लेखकांचा एखादा निबंध चुकून आत शिरला, तर सायटेशनची सरासरी कुठच्या कुठे जाते. शंभरावर लेखक असलेल्या प्रत्येक नोंदीचा पत्ता डोळ्यांनी तपासाच.

ग्रंथपाल४११
आणि संलग्न महाविद्यालयं?

अंशगणना
ते आधी ठरवा आणि अहवालात लिहा. फक्त विभाग, की महाविद्यालयांसह? दोन्ही चालतं, पण दर माणशी निबंध काढताना भाजकातही तेच प्राध्यापक हवेत. वर महाविद्यालयांचे निबंध आणि खाली फक्त विभागांतली पदं, ही चूक सर्रास होते.

तिन्ही याद्या एकत्र करताना डीओआय (प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक) लहान अक्षरांत आणा, त्याच्या सुरुवातीचा वेबपत्ता काढून टाका, मग दुबार नोंदी वगळा. डीओआय नसेल तर शीर्षक, वर्ष आणि पहिलं पान जुळवा. ओपनॲलेक्समध्ये प्रीप्रिंट (छापण्याआधी खुला केलेला मसुदा) आणि छापील निबंध कधी कधी वेगळे मोजले जातात. सरासरीऐवजी मध्यांक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या. गणित आणि रसायनशास्त्राची सायटेशन्स थेट ताडू नका. विषयानुसार सामान्यीकृत निर्देशांक वापरा, त्यात १ म्हणजे जागतिक सरासरी. २०२३ च्या निबंधांना सायटेशन मिळायला २०१४ च्या निबंधांपेक्षा खूप कमी वेळ मिळालेला आहे, म्हणून प्रत्येक निबंधाला सारखीच, समजा तीन वर्षांची मुदत लावा. नोंदी उतरवल्याची तारीखही लिहा, आकडे रोज हलतात.

मराठी_विभाग
मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान यांचं बरंचसं काम पुस्तकांत आणि मराठी नियतकालिकांत असतं. या सूच्यांत ते फारसं येत नाही. पीएचडीचे प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरून घ्या आणि वेगळा तक्ता करा. पहिल्या तक्त्याला ‘विद्यापीठाचं संशोधन’ म्हणू नका, ‘स्कोपसमधले निबंध’ म्हणा.