मदत हवी आहे : उन्हाळी सुट्टीतले फ्रेंच सिनेमे

मंडळी, जरा मदत करा. परवा झाक तातीचा 'मस्यू युलोची सुट्टी' (1953) परत बघितला, त्या हॉटेलच्या जेवणघराचं दार दर वेळी 'डुब्ब' वाजतं ना, आमच्या आईला सिनेमा काही कळला नाही पण दाराला मात्र ती प्रत्येक वेळी हसली. आणि ती टायरची ट्यूब, ओली, पानं चिकटलेली, दफनभूमीतल्या लोकांना वाटतं हा युलो बुवा पुष्पचक्रच घेऊन आलाय, अरे देवा! मग झाक रोझिएचा 'मेन ओसेआन' (1986) हाताला लागला, गाडीत चढण्याआधी मशीनमध्ये तिकीट पंच केलं नाही म्हणून ब्राझिलियन नर्तकीला धरणारा टीसी शेवटी स्वतःच वाळूपाण्यातून घराकडे पळत सुटतो (स्टोरी अशी काही नाहीच, तीच तर मजा).

आता याच रोझिएचा 'द्यु कोते द ओरुएत' बघायचाय, तीन मैत्रिणी, समुद्रकाठचं घर, अडीच तास नुसतं हसणं-खाणं. इंग्लिश सबटायटल्ससकट कुठे मिळेल? आणि अशाच धाटणीचं अजून काय बघू? एरिक रोमेरचा 'हिरवा किरण' झालाय, छान आहे पण त्यातली नायिका बिचारी रडतेच फार. मला वेंधळेपणा, चुकलेली गाडी, ऐन सुट्टीत पाऊस, असलं पाहिजे. प्रेमभंगवाले नकोत प्लीज.