ड्रिलमध्ये पास अचूक, सामन्यात मात्र चेंडूमागे घोळका

मैदानकाठ

मी सात ते नऊ वर्षांच्या सोळा मुलांच्या गटाला फुटबॉल शिकवतो. सरावाचा पहिला अर्धा तास पासिंगला दिलेला असतो. मुले समोरासमोर दोन रांगांत उभी राहतात, पायाच्या आतल्या बाजूने समोरच्याला पास देतात आणि आपल्या रांगेच्या शेवटी जाऊन थांबतात. हे आता बहुतेकांना नीट जमते. परंतु शेवटी सामना खेळायला सोडले की शिकवलेले काहीच दिसत नाही. गोलरक्षक वगळता सगळे चेंडूभोवती गोळा होतात आणि ज्याच्या पायाशी चेंडू येतो तो, शेजारी साथीदार पूर्ण मोकळा असला तरी, मान खाली घालून गोलच्या दिशेने धावत सुटतो. रांगेतला सराव वाढवावा, की या वयात वेगळेच काही करायला हवे? अनुभवी प्रशिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चौकोन

रांग वाढवू नका, मोडा. रांगेत उभ्या असलेल्या मुलाला पास कुणाला, कधी आणि कोणत्या दिशेने द्यायचा हे सगळे आधीच ठरवून दिलेले असते, त्यामुळे तिथे सराव होतो तो फक्त पायाचा. सामन्यात पाय उचलण्यापूर्वी मान वर करावी लागते. समोर प्रतिस्पर्धी किती जवळ आहे, साथीदार कुठे मोकळा आहे, की पास न देता स्वतःच पुढे जाणे बरे, हे क्षणात ठरवावे लागते आणि नेमका हाच भाग तुमच्या ड्रिलमधून गळालेला आहे. शिवाय आठ जणांच्या रांगेत चेंडूला पाय लागण्यापेक्षा ताटकळणेच जास्त होते.

तंत्रासाठी सुरुवातीची पाच-सात मिनिटे पुरेत, तीही दोघांत एक चेंडू देऊन. टेकलेले पाऊल चेंडूच्या बाजूला आणि जिथे पास द्यायचा त्या दिशेला वळलेले असावे. मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ, बोटे किंचित वर आणि आघात चेंडूच्या मध्यावर. त्याखाली पाय लागला की चेंडू उसळतो आणि घेणाऱ्याची पंचाईत होते. यांतली एका दिवशी एकच गोष्ट सांगावी, कारण तीन सूचना एकदम मिळाल्या की मूल तिन्ही विसरते आणि वर स्वतःच्या पायांकडेच पाहत राहते.

त्यानंतर लगेच प्रतिस्पर्धी आणावा. त्यासाठी रोंडोइतका सोपा सराव दुसरा नाही. यात कडेची मुले आपसांत पास देत राहतात आणि मधला चेंडू हिसकावू पाहतो. बार्सिलोना या स्पॅनिश क्लबच्या युवा संघांत तो १९७० च्या दशकात प्रशिक्षक लाउरेआनो रुइस यांनी रुजवला आणि पुढे मुख्य प्रशिक्षक योहान क्रायफ यांनी त्याला क्लबच्या खेळाचा पायाच केले. तुमच्या मुलांसाठी आठ ते दहा मीटरचा चौकोन आखा, तीन मुले बाजूंवर आणि एक मध्ये. सोळा मुलांचे असे चार गट एकाच वेळी खेळतील, कुणीही उभे राहणार नाही. बाजू चार आणि मुले तीन, म्हणजे एक बाजू कायम रिकामी राहते. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या बाजूला साथीदार हवाच, असा नियम घातला की जवळजवळ प्रत्येक पासनंतर कुणाला तरी रिकाम्या बाजूकडे सरकावे लागते. पास देणे शिकवता येते, पण पास मिळेल अशा जागी जाणे सांगून कळत नाही. ते या सरावात आपोआप घडते.

एक पथ्य मात्र पाळावे. ज्याचा पास चुकेल तो मध्ये, ही मोठ्यांची रीत लहानांना लावू नये. तसे केल्यास कच्ची मुले सारा वेळ मध्येच धावत राहतात आणि ज्यांना पासचा सराव सर्वाधिक हवा त्यांनाच तो मिळत नाही. मधला खेळाडू दर मिनिटाने बदलावा.

दोन्हीपाय

वरील प्रतिसादातील रोंडो मला मान्य आहे, पण सात वर्षांच्या मुलांवर पासिंगचा एवढा भार टाकावा का, याबद्दल माझे मत वेगळे आहे. या वयात चेंडू मोठ्या मुश्किलीने मिळतो आणि मिळाला की तो सोडवत नाही. त्याला स्वार्थ म्हणणे अन्यायाचे आहे. मुलाने खुशाल ड्रिबल करावे, म्हणजे चेंडू पायाशी ठेवून पुढे न्यावा. ज्याला चेंडू स्वतःपाशी राखता येतो त्यालाच मान वर करण्याची उसंत मिळते. ज्याला तो राखता येत नाही त्याचा पास म्हणजे अंगावरची जबाबदारी झटकणे असते.

घोळक्याचे मूळ मला सरावापेक्षा सामन्याच्या रचनेत दिसते. आठ विरुद्ध आठ आणि चेंडू एकच, मग मुलांनी दुसरीकडे जावे तरी कशाला? जर्मन फुटबॉल संघटनेने २०२४-२५ च्या हंगामापासून सर्वांत लहान गटासाठी दोन विरुद्ध दोन किंवा तीन विरुद्ध तीन असा, चार छोट्या गोलांचा आणि गोलरक्षकाविना खेळ बंधनकारक केला आहे. प्रत्येक संघाला हल्ल्यासाठी दोन गोल मिळत असल्याने एका गोलपुढे गर्दी झाली की चेंडू दुसरीकडे वळवणे फायद्याचे ठरते आणि हे कुणी ओरडून सांगावे लागत नाही. ओरडण्यावरून आठवले, कडेला उभ्या पालकांना ‘पास दे, पास दे’ हा घोष आवरायला सांगावा. त्या आवाजाने मूल पाहून नव्हे, घाबरून पास देते.

हवाभरा

चेंडूचा आकार कुणी विचारला नाही. साधारण आठ वर्षांपर्यंत तीन नंबरचा आणि त्यापुढे बारापर्यंत चार नंबरचा चेंडू वापरतात. पाच नंबरचा मोठ्यांचा चेंडू दिला असेल तर तो जड असल्यामुळे मुले पायाच्या टोकाने मारतात आणि तीच सवय लागते.

मैदानकाठ

सर्वांचे आभार. चेंडू पाच नंबरचेच आहेत, ते बदलून घेतो. सामनाही तीन-तीनचा करून पाहीन. एक शंका राहते. गटातल्या दोन-तीन मुलांना बाकीचे पासच देत नाहीत, कारण त्यांच्याकडून चेंडू लगेच जातो. गोल करण्यापूर्वी संघातील प्रत्येकाचा पाय चेंडूला लागलाच पाहिजे, असा नियम घालावा का?

चौकोन

तो नियम वरवर न्याय्य वाटतो, पण घालू नका. मुले त्या मुलाला एकदा हातभर अंतरावरून चेंडू टेकवतात, लगेच परत घेतात आणि नियम पाळल्याचे समाधान मानतात. त्या मुलालाही आपल्याला केवळ मोजणीपुरते धरले आहे, हे कळते. त्याऐवजी त्याला दोन विरुद्ध एक या सरावात घ्या. दोघे छोट्या गोलकडे निघतात आणि समोर एकच बचावपटू असतो. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याने थेट बचावपटूच्या अंगावर जायचे, तो आपल्याकडे ओढला गेला की साथीदाराला पास द्यायचा आणि तो ओढला गेला नाही तर स्वतः गोल करायचा. साथीदार एकच असल्याने त्याला टाळून चालत नाही आणि त्याच्यापुढे मोकळी जागा असल्याने कच्च्या मुलालाही चेंडू ताब्यात घ्यायला वेळ मिळतो. जोड्या मात्र तुम्ही लावा. मुलांवर सोडल्या तर तीच दोन-तीन मुले पुन्हा एकत्र येतील.