चव न सोडता ताट कसं बदललंत? तुमचे अनुभव लिहा

घरात कुणाला मधुमेह, रक्तदाब निघाला किंवा रक्त कमी आहे असं कळलं की पहिली कुऱ्हाड चवीवर पडते. फोडणी बंद, भात बंद, गोड बंद, पुढ्यात उकडलेल्या भाज्या. असं जेवण माणूस महिनाभर रेटतो आणि मग सगळंच सोडून देतो.

माझं मत असं की यावरचा उपाय आपल्या ताटाच्या डाव्या बाजूला आहे. लिंबू, चटणी, कोशिंबीर. मधला भात आणि पोळी आपण वाढवत नेली, आणि डावीकडे बऱ्याच घरांत लोणच्याची फोड तेवढी उरली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दिवसाच्या उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा 45 टक्क्यांच्या वर जायला नको. आपल्यापैकी अनेकांच्या जेवणात तो सहज वर जातो.

तुमच्या घरात काय बदललं, काय सोडायला ठाम नकार दिलात, ते सविस्तर लिहा. पावडरी आणि उष्मांकांचे तक्ते नकोत. गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारायचं.

सोलापूरहून

यांना मधुमेह निघाला तेव्हा पाहुणे म्हणाले, तुमच्याकडे तर ज्वारीच खातात, मग काळजी कसली! पण ज्वारी झाली तरी त्यात पिष्ट आहेच. एका बैठकीला तीन भाकऱ्या आणि वर भात खाल्ला तर साखर वाढणारच. आहारतज्ज्ञ बाईंनी भाकरी बंद केली नाही, जेवणाचा क्रम बदलला. आधी कोशिंबीर, कच्चा मुळा, कांद्याची पात. मग घट्ट उसळ किंवा पालेभाजी. त्यानंतर भाकरी. भात खायचाच तर शेवटी, छोटी वाटी. जेवणानंतर दोन तासांनी घरच्या यंत्रावर साखर बघायची. भाकरी तीच, उसळ तीच, पण आकडा खाली आला तेव्हा यांचा विश्वास बसला. तंतू आणि प्रथिनं आधी गेली की पोट सावकाश रिकामं होतं, साखर एकदम उसळत नाही, असं बाईंनी समजावलं. मग तीनाच्या दोन भाकऱ्या यांनी आपणहून केल्या, कारण भाकरीपर्यंत पोचेस्तोवर पोट अर्धं भरलेलं असतं.

शेंगाचटणी सोडणार नाही असं यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि मलाही ते पटलं. उखळात कुटलेली, शेंगदाण्याचंच तेल सुटलेली चटणी दह्यात कालवली की एका चमच्यात दोन भाकऱ्या होतात. वरून तेल घ्यायची सवय मात्र गेली.

रोज कोशिंबीर काय करायची, हा खरा प्रश्न होता. काकडी-टोमॅटोने चार दिवसांत कंटाळा येतो. आमच्याकडे आता मुळ्याच्या किसात भिजवलेली मूगडाळ असते, कोवळं पडवळ दह्यात, गाजराला दाण्याचं कूट आणि मिरचीची फोडणी, आणि थंडीत मेथीचा घोळाणा. कोवळी मेथी कच्चीच चिरायची, कांदा, कूट, मीठ, तिखट, चमचाभर कच्चं तेल, आणि हाताने घोळून लगेच पानात. फोडणी देऊन शिजवलेल्या मेथीपेक्षा यांना हाच जास्त आवडतो. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचाही होतो. नुसती उकडलेली भाजी आमच्या घरात एकदाही झाली नाही, आणि पथ्य टिकलं ते त्यामुळेच.

वेंगुर्ल्याहून

ताई, डावी बाजू मोठी करा म्हणता, पण लोणचं, पापड, सुकटीची चटणी हे सगळं तिथेच बसतं ना! माझा रक्तदाब वाढला तो डॉक्टरांच्या मते तिथल्या मिठामुळेच. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, आणि त्यात पाव, फरसाण, लोणचं सगळं धरायचं. आमच्याकडे एका खाऱ्या बांगड्यातच बराचसा कोटा संपतो.

मीठ कमी केलं तर जेवण अळणी लागतं. पण आंबट आणि तिखट वाढवलं की जिभेला तेवढं कळत नाही. ताज्या बांगड्याच्या तिखल्यात मी आता आमसुलं जास्त घालते, तिरफळं चांगली ठेचून घालते, मीठ निम्मं. सोलकढीत तर जवळजवळ नाहीच, आलं-लसूण आणि नारळाच्या रसावर ती उभी राहते. सकाळी उकड्या तांदळाची पेज आहेच. उकडा तांदूळ सालासकट वाफवलेला असतो, त्यामुळे ब जीवनसत्त्वं दाण्यात मुरतात, पांढऱ्या तांदळात ती बरीच निघून जातात. पेजेसोबत पूर्वी लोणचं असायचं, आता कुळथाची पिठी किंवा चवळीची भाजी. मासे सोडायला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. आणि बांगड्यात ओमेगा-3 असतं, त्यामुळे हृदयासाठी डॉक्टरांनीही तो आनंदाने चालवून घेतला.

(तुमचं म्हणणं अगदी रास्त. डावी बाजू म्हणजे कोशिंबीर, चटणी, लिंबू असंच वाचा. लोणच्याची फोड सणावारी.)

जळगावहून

कळण्याची भाकरी. बाकी काही लिहिलं नाही तरी चालेल इतकी ती मला महत्त्वाची वाटते. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला वाटीभर सालासकट उडीद आणि थोडं मीठ, एकत्र दळून आणायचं. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन (प्रथिनाचा एक आवश्यक घटक) कमी असतं, ते उडदात भरपूर. उडदात जे कमी ते ज्वारीत. दोन्ही एका भाकरीत आल्याने प्रथिनांचा दर्जा सुधारतो. माझ्या आजीला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, तरी तिच्या डब्यात हेच पीठ असायचं. मी व्यायामशाळेत जातो, तिथली मुलं प्रथिनांच्या पावडरीचे महागडे डबे घेतात. मी कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि अंड्याचं कालवण खातो.

भरीत मात्र वर्षातून मोजक्या वेळा, थंडीत, बामणोदची वांगी आली की. त्यात तेल लागतंच, आणि ते कमी करून मी भरताचा अपमान करणार नाही. त्या दिवशी शेतात आधी पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) गोळा करायच्या, वांगी भाजायची, कुटायची. दिवसभराचं काम होतं अंगाला.

नागपूरहून

मुलीचं हिमोग्लोबिन कमी निघालं. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या, त्या घेतल्याच. पण त्यांनी स्वयंपाकाबद्दल विचारलं तेव्हा कळलं की घोळ वेळेचा होता. ती पोह्यांबरोबर चहा प्यायची. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. आता चहा जेवणाखाण्यापासून तासभर लांब, आणि पोह्यांवर भरपूर लिंबू, कारण क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत होते. मटकी, चणे भिजवून मोड आणून खातो. मोड आले की लोह अडवून धरणारा फायटेटचा भाग कमी होतो. पालेभाजी तिला आवडत नाही, पण मुटकुळे घातलेली मेथी मागून खाते. संध्याकाळी पेरू, तिखट-मीठ लावून. थंडीत नारळपाण्यात भिजवलेल्या अळिवाचे लाडू. त्यात गूळ कमीच घालते. गुळातून लोह मिळतं असं सगळे सांगतात, पण मुख्यतः ती साखरच आहे.

एसटीत वाहक आहे, साताऱ्याहून

माझं थोडकंच. फेरीच्या मधल्या थांब्यावर वडापाव सोपा पडतो. बायको डब्यात भाकरी आणि घट्ट पिठलं देते, सोबत उकडलेल्या शेंगा, काकडी न चिरता. चिरली की पाणी सुटतं आणि वासही येतो. वडापाव सोडला नाही, पण शनिवारचा ठेवला, आणि शनिवारी तो गरम असेल तरच घेतो.

कॅनडातल्या कॅलगरीहून

मी शाकाहारी आहे. इथल्या हिवाळ्यातल्या उन्हातून ड जीवनसत्त्व मिळत नाही आणि ब-12 शाकाहारात दूधदुभत्यापुरतंच, म्हणून तपासणी करून दोन्हींच्या गोळ्या घेतो. यात स्वयंपाकाचा काही मार्ग नाही, हे मान्य केलेलं बरं. बाकी सगळ्याला मार्ग आहे. भारतीय दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं. गोठवलेली मेथी, मटार, पालक ताज्यापेक्षा फार कमी प्रतीचे नसतात. कढीपत्ता महाग, म्हणून मिळाला की वाळवून जवसाच्या चटणीत घालतो. तीच चटणी दह्यात, भातावर, कधी ओट्सच्या धिरड्यावरही. कामावरून थकून आलं की तयार पिझ्झा मागवण्यापासून मला ती चटणी वाचवते.

पंढरपूरहून

मी सत्तरी ओलांडलेली. उपवासाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यातली प्रथिनं म्हणाल तर दाण्याच्या कुटाची. एकादशीला सकाळी खिचडी, दुपारी वडे, रात्री पुन्हा खिचडी, असा दिवस गेला की दुसऱ्या दिवशी अंग जड. आता सकाळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, आमसूल-जिरं घालून. दुपारी ताक आणि फळ. रात्री राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, कूट सढळ हाताने. खिचडी केली तरी एका वेळेला, सोबत दही. सुनेला विचारा, आषाढीला घरी आलेले वारकरीही आमटी दुसऱ्यांदा मागतात. वरी मात्र कोरडी भाजून मग आधणात टाका, नाहीतर गिचका होतो.