डॉगलेग गिअरबॉक्सला मराठीत काय म्हणाल?

भाषांतरी: जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवरचा लेख मराठीत करतोय, पहिल्याच परिच्छेदात अडलो. 'डॉगलेग' गिअरबॉक्स. नेहमीच्या गाडीत पहिला गिअर डावीकडे वर, दुसरा त्याच्या खाली. यात पहिला डावीकडे खाली, त्याच्या वर रिव्हर्स. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांडा वर, उजवीकडे, परत वर. कुत्र्याच्या मागच्या पायासारखा. मी 'श्वानपाद' लिहिलं. बायको म्हणाली, हे आसन कधी करायचं, जेवणाआधी की नंतर?

शुद्धपक्ष: 'वक्रपाद' करा. आणि 'दांडा' नको, 'तरफ' लिहा. दांडा कुदळीला असतो.

होटगी_नाका: तरफ? वडिलांनी एसटी चालवली, त्यांच्या तोंडून एकदाही ऐकला नाही. जुन्या गाडीला डबल क्लच मारायला लागायचा. क्लच दाबून न्यूट्रल, सोडून जरा रेस, पुन्हा दाबून खालचा गिअर. चुकलं की कर्रर्र! मागून एखादी म्हातारी, "मास्तर, नीट हाकायला सांगा की!"

बाळीवेस: आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, त्यांना अख्खं गाव काठ्याच म्हणतं. तिथं सांगून बघा 'ध्वजस्तंभ' म्हणा म्हणून. बाकी दांडा कन्नडातनं आलाय, माझं ठाम मत.

शुद्धपक्ष: संस्कृत दंड. कन्नडनेही तिथूनच घेतला.

बाळीवेस: आलं संस्कृत!

ग्रीसचे_हात: अहो, मूळ प्रश्न काय होता? शर्यतीत पहिला लागतो फक्त सुटताना. पुढं सारखं दोन-तीन, तीन-दोन. म्हणून ते दोन समोरासमोर ठेवले, दांडा सरळ ओढला की झालं. पोर्शे ९११ ला सुरुवातीला असाच होता, १९७२ च्या मॉडेलपासून पहिला वर गेला. लॅम्बोर्गिनी काउंटाशला होता, युरोपातल्या पहिल्या बीएमडब्ल्यू एम३ ला होता. पण ती गाडी सात रस्त्यावर आणा संध्याकाळी. पहिला-दुसरा, पहिला-दुसरा, दर वेळी तेच वळण. मनगट जाईल. 'आडवळणी पहिला' म्हणा.

भाषांतरी: आवडला! पण जुन्या फेरारीत दांड्याखाली खाचा पाडलेली उघडी धातूची पट्टी असते, तिला काय? दांडा तिला लागून टक्क वाजतो.

सुताची_लेक: खाचपट्टी. तुम्हीच तर लिहिलंत. मला वेगळंच विचारायचंय. आमच्याकडे गिअर 'टाकतात' आणि 'पाडतात' पण. एकच का दोन्ही?

होटगी_नाका: वरच्या गिअरात जाताना टाकायचा, चढाला खालचा पाडायचा.

ग्रीसचे_हात: छे. आमच्या गॅरेजात पाडणे म्हणजे गिअरबॉक्सच खाली उतरवणे.

शुद्धपक्ष: 'योजणे' हे क्रियापद कसं वाटतं?

बाळीवेस: योजा तुम्ही. गाडी न्यूट्रललाच राहील.

भाषांतरी: उद्या सकाळी लेख द्यायचाय. तूर्त 'डॉगलेग' ठेवतो, कंसात 'आडवळणी'.

सुताची_लेक: कंस कशाला? आणि गाडीचा गिअर बंद पडतो का अडकतो, ते राहिलंच.