लष्करी विमानांच्या देखभालीत जायचंय: इंजिन, एव्हिऑनिक्स की स्ट्रक्चर?

आभाळवेडी:
नमस्कार मंडळी. शाळेचं शेवटचं वर्ष चालू आहे. मला हवाई दलात जायचंय, पण उडवायला नाही, विमानं दुरुस्त करायला. लहानपणापासून बंद पडलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. गणित बरं आहे, हात त्याहून बरा. इंजिन, एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक्स) आणि स्ट्रक्चर (विमानाचा सांगाडा) यांपैकी काय निवडावं? आणि सेवा संपल्यावर नागरी विमानांकडे वळता येतं का? घरच्यांची सगळी काळजी या दुसऱ्या प्रश्नावर अडली आहे. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

जुना_हँगर:
बेटा, नुसता ट्रेड, म्हणजे कामाची शाखा, विचारू नकोस, काम कुठल्या थरावर करायचंय तेही ठरव. फ्लाइटलाइन म्हणजे उड्डाणांच्या मधे विमानं उभी करतात ती जागा. तिथे विमान येऊन थांबतं, पायलट बिघाड सांगतो आणि पुढच्या उड्डाणाच्या आत ते परत उभं करायचं असतं. इंधन, ऑक्सिजन, टायर, सेफ्टी पिना, सगळं उघड्यावर, रात्री-अपरात्री, घड्याळाकडे बघत. त्याच्या मागे हँगर, तिथे ठरलेल्या तासांनंतरच्या तपासण्या होतात. आणि सर्वांत मागे डेपो, जिथे विमान पार सांगाड्यापर्यंत खोलतात. ते काम महिनोन्‌महिने चालतं. फ्लाइटलाइनवर रमणारा माणूस डेपोत कंटाळतो आणि डेपोतला फ्लाइटलाइनवर घाबरा होतो. तुला कोडं निवांत सोडवायला आवडतं की दडपणाखाली, हे आधी स्वतःला विचार.

ट्रेड म्हणशील तर मी स्ट्रक्चर सांगेन, आणि त्यात पुढे एनडीटी, म्हणजे भाग न तोडता आतली भेग शोधण्याचं काम. एडी करंट (विजेच्या प्रवाहाने), अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींनी), क्ष-किरण, डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणाऱ्या रंगाने), या त्याच्या पद्धती. कारण सरळ आहे. लष्करी विमानं फार म्हातारी होईपर्यंत वापरतात. अमेरिकेचं शेवटचं बी-५२ बॉम्बर १९६२ साली कारखान्यातून बाहेर पडलं आणि ती विमानं अजून सेवेत आहेत. आतली इलेक्ट्रॉनिक्स बदलता येते, इंजिनं बदलता येतात, पण धातू थकतो आणि गंजतो तो गंजतोच. रिव्हेटच्या भोकाच्या कडेला केसाएवढी भेग असताना ती ओळखणाऱ्याची गरज कधी संपलेली मी पाहिली नाही.

तारांचा_माग:
जुना_हँगर काकांशी थोडा असहमत. एव्हिऑनिक्स म्हणजे खराब डबा काढून नवा बसवायचा, असं बाहेरून दिसतं. खरं काम डब्यांच्या मधल्या वायरिंगमध्ये असतं. वर हवेत, थंडीत, कंपनात येणारा बिघाड खाली हँगरमध्ये गायब होतो. मग नोंद पडते: ‘तपासलं, दोष आढळला नाही’. तोच बिघाड पुढच्या उड्डाणात परत येतो. अशा वेळी कनेक्टरची एकेक पिन बघत, जुन्या नोंदी वाचत माग काढणारा तंत्रज्ञ सोन्याच्या मोलाचा. ताई, तुला उघडून बघायची हौस आहे म्हणतेस, तर तिचा खरा कस इथेच लागेल.

नोंदींचं महत्त्व किती, ते एका अपघातावरून सांगतो. २३ फेब्रुवारी २००८ रोजी पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरच्या तळावर अमेरिकेचं एक बी-२ बॉम्बर उड्डाण करतानाच कोसळलं. दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन, म्हणजे सीटसकट बाहेर फेकले जाऊन, वाचले. हवेचा दाब मोजणाऱ्या २४ सेन्सरांपैकी ३ मध्ये दमटपणा शिरला होता. त्याच अवस्थेत कॅलिब्रेशन, म्हणजे सेन्सरांची मापं जुळवणं, झालं, त्यामुळे संगणकाला वेग आणि कोन चुकीचे कळले. कॅलिब्रेशनच्या आधी पिटो हीट (हवेचा दाब मोजणाऱ्या भागांचा हीटर) चालू करून ओल उडवायची, हा उपाय काही कर्मचाऱ्यांना माहीत होता! पण तो अधिकृत कार्यपद्धतीत चढलाच नव्हता. तोंडी राहिलेलं ज्ञान दुसऱ्या पाळीपर्यंत पोचत नाही. म्हणून लिहायचा कंटाळा असेल तर कुठलाच ट्रेड घेऊ नकोस.

टर्बाइन_दादा:
इंजिन आणि हायड्रॉलिकवाल्यांकडून थोडं, कारण हे माहितीपत्रकात येत नाही. हायड्रॉलिक लाइनमध्ये, म्हणजे दाबाखालच्या तेलाच्या नळीत, दर चौरस इंचाला ३,००० पौंड दाब असणं नेहमीचं आहे. गळती शोधायला हात फिरवायचा नाही, कधीच नाही. बारीक भोकातली धार कातडी भेदून आत शिरते, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत हात सडतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. एफ-१६ या लढाऊ विमानाच्या आपत्कालीन वीज युनिटमध्ये हायड्रेझिन नावाचं इंधन असतं, तेही विषारी. कान पहिल्या दिवसापासून जपायचे, गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही. एवढं वाचूनही इंजिनच हवं वाटलं तर जरूर ये, चालू इंजिनची तब्येत ओळखायला शिकण्यासारखा आनंद नाही.

आभाळवेडी:
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, पुठ्ठ्याचं लिहून ठेवलं. इजेक्शन सीटच्या विभागाबद्दल कोणी सांगेल का? ते काम मला फार ओढ लावतं.

लाल_फीत:
मी याच विभागात होते. छोटी जागा, मोजकी माणसं, प्रत्येक पायरीवर दुसऱ्याची तपासणी आणि सही. सीटमध्ये स्फोटकं असतात, त्यामुळे सेफ्टी पिना लावल्याची खात्री झाल्याशिवाय कॉकपिटमध्ये पाय टाकायचा नाही. तू जोडलेली सीट कदाचित कधीच वापरली जाणार नाही, आणि वापरली गेली तर दुसरी संधी नसते. २०११ मध्ये ब्रिटनच्या रेड अॅरोज या हवाई कसरती करणाऱ्या पथकातल्या एका हॉक विमानाची सीट जमिनीवर असतानाच उडाली आणि पॅराशूट उघडलं नाही. वैमानिक गेला. पॅराशूट न उघडण्याचं कारण होतं एक नट, प्रमाणाबाहेर आवळलेला, त्यामुळे शॅकल, म्हणजे जोडणारी कडी, सुटलंच नाही. घट्ट म्हणजे सुरक्षित, ही सवय इथे माणूस मारते. पुस्तकात असेल तेवढंच आवळायचं.

मात्र नागरी प्रवासी विमानांत इजेक्शन सीट नसते. या ट्रेडमधून थेट वाट अरुंद आहे, हे घरी आधीच सांग.

परवाना_कक्ष:
घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर: हो, वळता येतं, पण लष्करी अनुभव आपोआप परवाना होत नाही. नियम देशागणिक वेगळे. अमेरिकेत एफएए ही नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था एअरफ्रेम (सांगाडा) किंवा पॉवरप्लांट (इंजिन) यांपैकी एका रेटिंगसाठी, म्हणजे परवान्याच्या शाखेसाठी, १८ महिने आणि दोन्हींसाठी ३० महिन्यांचा कामाचा अनुभव धरते, त्यात लष्करातलाही चालतो. परीक्षा द्यावीच लागते. युरोपच्या पार्ट-६६ या परवान्यांच्या नियमावलीत बी१ हा यांत्रिक आणि बी२ हा एव्हिऑनिक्सचा परवाना. तिथे लष्करी अनुभव मोजला, तरी वर नागरी विमानांवरचा अनुभव मागतात.

ट्रेडच्या बरोबरीने विमान कोणतं मिळतं यावर बरंच ठरतं. पी-८ हे सागरी गस्तीचं विमान बोइंग ७३७ वरून बनलंय, केसी-४६ हा टँकर (हवेत इंधन भरणारं विमान) बोइंग ७६७ वरून, एमआरटीटी टँकर हा मुळात एअरबस ए-३३०. यांवर केलेलं काम नागरी कंपनीला लगेच समजतं. आफ्टरबर्नरवाल्या (मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या) लढाऊ इंजिनाचं तेवढं समजत नाही.

आभाळवेडी:
मग माझा कल स्ट्रक्चर आणि पुढे एनडीटी असा होतोय. विमान निवडायला मिळालं तर टँकर किंवा वाहतुकीचं मागेन. भरतीच्या आधी आत्ता काय करू?

परवाना_कक्ष:
भरतीची पात्रता वाच आणि डोळे तपासून घे, रंग ओळखण्याची चाचणीसुद्धा. वायरिंगला ती आड येऊ शकते, आणि प्रशिक्षणाच्या मध्यावर कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. तांत्रिक इंग्रजी वाचायचा सराव ठेव. आत गेल्यावर पहिल्या दिवसापासून स्वतःची कार्यवही ठेव: तारीख, विमानाचा प्रकार, कोणत्या प्रणालीवर काय केलं, पर्यवेक्षकाची सही. गोपनीय काही त्यात लिहायचं नाही, कोणत्या नोंदी चालतात ते युनिटमध्ये विचारून घे. वर्षांनी मागे जाऊन सह्या गोळा करणं जवळपास अशक्य असतं, तोवर तो साहेब कुठे बदलून गेलेला असतो.