घायपाताच्या धाग्यावर पॉलिमर नीट बसत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी घायपाताच्या धाग्यावर मिथाइल मेथाक्रिलेट या मोनोमरचं ग्राफ्टिंग करतेय, म्हणजे त्याच्या पॉलिमरच्या साखळ्या धाग्यातल्या सेल्युलोजला रासायनिक बंधाने जोडतेय. धागा आधी कॉस्टिक सोड्यात ठेवून धुते, मग पातळ नायट्रिक आम्लात सेरिक अमोनियम नायट्रेट (अभिक्रिया सुरू करणारं रसायन) घालून ५५ अंशांवर ३ तास ठेवते. ऑक्सिजन घालवायला नायट्रोजन सुरुवातीला अर्धा तास सोडते, नंतर बंद.

२ ग्रॅम धाग्याचं वजन २.९ ग्रॅम होतं, म्हणजे ४५ टक्के वाढ. पहिल्यांदा हा आकडा पाहून फार आनंद झाला होता! पण सॉक्सलेटमध्ये (द्रावकाने पुन्हा पुन्हा धुणारं उपकरण) ॲसिटोनने धुतल्यावर २.१२ ग्रॅमच उरतात. म्हणजे बहुतेक पॉलिमर सेल्युलोजला जोडलं न जाता सुटंच तयार होतंय.

सेरिक आयन सेल्युलोजच्या साखळीवरच मुक्त मूलक (पॉलिमरची वाढ सुरू करणारा अतिक्रियाशील कण) तयार करतो, त्यामुळे सुटं पॉलिमर कमी बनायला हवं. मग इतकं कुठून येतं? मोनोमर जास्त पडतोय का? की धाग्यात उरलेलं लिग्निन (वनस्पतीला कडकपणा देणारा घटक) मूलक खाऊन टाकतंय? नायट्रोजन शेवटपर्यंत चालू ठेवावा का? मोनोमर साठवणीत आपोआप जोडला जाऊ नये म्हणून त्यात घातलेलं हायड्रोक्विनोन मी सोड्याच्या द्रावणाने काढते, त्यामुळे तो संशय कमी आहे.

आणखी एक. एफटीआयआरमध्ये (रासायनिक बंध ओळखणारी अवरक्त किरणांची चाचणी) १७३० सेमी⁻¹ च्या आसपास शिखर दिसतं, पण कच्च्या घायपातातही हेमिसेल्युलोज या दुसऱ्या घटकामुळे तिथेच शिखर येतं. तुलनेसाठी फक्त सोड्याने धुतलेला धागा घेतला तर चालेल ना? कापूस, ताग किंवा घायपातावर कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर मोनोमर आणि सेरिकचं प्रमाण किती ठेवलंत ते कृपया सांगा. प्रयोगशाळेत माझ्याकडे दोनच आठवडे उरलेत.